रिजेक्टचा ट्रे

हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये
शनिवारी सहानंतर लेथ गार होतात,
आणि तांबोळींच्या शेडमध्ये, प्लेटिंगच्या टाक्यांपलीकडे,
आम्ही पाच जण पोकरला बसतो.
चिप्स म्हणजे वॉशर. पोलादी पाच रुपये, पितळी वीस,
तांब्याचा शंभर.
तांब्याचे सहसा घोटण्यांपुढे असतात,
किंवा मघाशी होते.

आठवडाभर मी तपासणीवर असते.
बुशच्या भोकात गेज घालायचा.
हिरवं टोक गेलं पाहिजे, लाल टोक जाता कामा नये.
नाहीतर ट्रे.
बुश कुणी बनवला, डबल ड्यूटी करून बनवला का,
बाहेर टेम्पो उभा आहे का,
गेजला त्यातलं काही ऐकू येत नाही.

इथेही तेच.
दोन पानं येतात, कोपरा उचलून बघते.
राजा आणि तिर्री, रंग वेगळे. ट्रे.
गुलाम-पंजी. ट्रे.
छक्की-दुर्री, तीही पहिली बोलणारी मी असताना. ट्रे, ट्रे.
"ताई, खेळायला आलात का बसायला?"
शर्वरी भेळीचा कागद चाटत विचारते.
बसायला.
बसणं हाच खेळ आहे बराचसा,
हे मला चार हजार रुपयांना कळलं.

कंपनीने एक पाळी बंद केली, ते वर्ष.
मी हरत होते, आणि हरलेलं परत आणायला खेळत होते,
म्हणजे खेळत नव्हतेच.
रिक्षाचे पैसेसुद्धा मध्ये टाकले
आणि फुरसुंगीहून पहाटे चालत निघाले.
कालव्याच्या कडेने एक कुत्रं बरोबर आलं,
पिशवीत काही नाही हे हुंगून
मागे फिरलं. त्याला पटकन कळलं.

तेव्हापासून वही आहे.
पहिल्या पानावर: पाचशे. मग उठायचं.
पुढे रकाने. पान, निर्णय, निकाल.
पहिले दोन पेनने, निकाल पेन्सिलने.

गेल्या शनिवारी दोन तास ट्रे भरला,
मग दोन राण्या आल्या, इस्पिक आणि किलवर.
मी वाढवलं. सगळे गेले, घोटणे राहिले.
घोटणे सत्तीवर राहतातच,
त्यांची पहिली लूना सातशे सात नंबरची.
मध्ये उघडली बदामाची राणी, आणि दोन सत्त्या.
चौथं पान नव्वी.
पाचशेचे सातशे वीस झाले होते,
मी सगळे वॉशर पुढे सरकवले. हात कापला नाही.
त्यांनीही सरकवले, आणि पानं उताणी केली:
सत्ती, चव्वी.

न दिसलेली पानं चव्वेचाळीस.
त्यातलं त्यांच्या कामाचं एक.

आलं.

इस्पिकची सत्ती, जरा तेलकट,
तांबोळींच्या अंगठ्याचा ठसा कोपऱ्यावर.
शर्वरी किंचाळली. निनादने मोबाइल काढला.
घोटणे बिचारे इतके ओशाळले
की वॉशर ओढायचेच विसरले.
"आणखी पाचशे घ्या ना ताई, उधार,
आता पानं तुमचीच आहेत."
पानं कुणाची नसतात.
मी हेल्मेट उचललं.

उभ्या उभ्या वहीत लिहिलं:
पान, तीन राण्या आणि दोन सत्त्या.
निर्णय, बरोबर. पुन्हा आलं तर पुन्हा हेच.
निकाल लिहिताना शिस मोडलं.

मगरपट्ट्याच्या पुलावर परत मोजलं.
चव्वेचाळिसांत एकच, कुठूनही मोजा.
घरी आले, गेट लावलं, दूध फ्रीजमध्ये ठेवलं,
आणि साडेतीनपर्यंत टक्क जागी,
पंख्याच्या पात्यांवर इस्पिक फिरत होतं.

हे कोणत्या रकान्यात जातं?
चौथा आखायला घेतला होता मी.
पण पट्टी कंपनीत राहिली होती,
आणि हाताने रेघ सरळ येत नाही माझी.